स्तनांच्या कॉस्मेटिक ऑपरेशननंतर व्यायामाकडे परतताना

प्रश्न: वय ३४. छातीच्या स्नायूखाली इम्प्लांट बसवून तीन आठवडे झाले. दुखणं जवळपास थांबलंय. सर्जननी 'सहा आठवडे जड काही नको' एवढंच सांगितलं आहे. आधी मी आठवड्यातून चार दिवस वजनं उचलायचे आणि दोन दिवस धावायचे. स्तन लहान करून घेतलेली माझी मैत्रीण चौथ्या आठवड्यापासून जिमला जाऊ लागली. मग मी थांबायलाच हवं का? आणि सुरुवात नेमकी कशी करायची?

उत्तर: सर्जननी सांगितलं ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. 'जड' म्हणजे किती, सायकल चालेल का, हात डोक्यावर नेले तर काय, हे त्यातून कळत नाही. आणि सहा आठवडे संपताच दुसऱ्या दिवशी जुन्या वजनाने बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून वजनाचा दांडा वर ढकलणं) करायला मोकळीक, असाही त्याचा अर्थ होत नाही.

आधी दुखण्याबद्दल, कारण बहुतेक जणी तिथेच फसतात. दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, जखमेची ताकद मात्र फार सावकाश येते. त्वचेच्या जखमेत पहिल्या आठवड्याअखेर मूळ ताकदीच्या जेमतेम ३ ते ५ टक्के ताकद असते. तिसऱ्या आठवड्याला ती २० ते ३० टक्क्यांच्या घरात जाते आणि ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचायला तीन महिने लागतात. पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. त्यात स्तनाचा खालचा भाग आणि स्तनाग्राभोवतीची जागा काही आठवडे, कधी काही महिने, बधिर असते. जिथे संवेदनाच कमी आहे, तिथे काही बिघडलं तर दुखून कळेल ही आशा धरू नका. म्हणून 'दुखत नाही, म्हणजे चालतंय' ही कसोटी तुम्ही आता आहात त्या टप्प्यावर सगळ्यात धोक्याची.

आत तीन वेगळ्या गोष्टी आपापल्या वेगाने बऱ्या होत असतात. पहिले दोन आठवडे काळजी रक्तवाहिन्यांची. ऑपरेशनच्या वेळी बंद केलेल्या बारीक रक्तवाहिन्या अजून कच्च्या असतात. नाडी आणि रक्तदाब एकदम चढला, तर त्यांतली एखादी पुन्हा उघडून आत रक्त साठू शकतं. हे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत काळजी त्वचेची आणि टाक्यांची. आणि इम्प्लांट असेल तर त्याच्या कप्प्याची. शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं. ते तयार होऊन नीट पक्कं व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर इम्प्लांट जागेवर राहतं ते टाके, ब्रा आणि तुमचा संयम यांच्या जोरावर.

स्नायूखालच्या इम्प्लांटमध्ये आणखी एक भानगड असते. छातीचा मोठा स्नायू, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर, गळ्याजवळच्या हाडापासून, छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कुर्च्यांपासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. इम्प्लांटला जागा करण्यासाठी त्याची बरगड्यांवरची खालची बाजू बहुधा सोडवलेली असते. हात शरीराच्या पुढे दाबला, काही ढकललं, किंवा दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात दाबले की हा स्नायू आकसतो आणि खालच्या इम्प्लांटला खाली आणि बाहेरच्या बाजूला रेटतो. कप्पा कच्चा असताना हे रोज झालं, तर तो त्याच दिशेने सैल होत जातो. इम्प्लांट काखेकडे सरकणं किंवा स्तनाखालच्या घडीच्या खाली उतरणं हा त्याचा परिणाम. हे एका दिवसात होत नाही आणि फारसं दुखतही नाही. दोन-तीन महिन्यांनी आरशात फरक दिसतो, आणि तो दुरुस्त करायला बहुतेकदा पुन्हा ऑपरेशनच लागतं.

आता मैत्रिणीचा मुद्दा. स्तन लहान करताना किंवा नुसते उचलून घेताना छातीच्या स्नायूला हात लावलेला नसतो आणि आत इम्प्लांट नसतं. तिला अडवतात ते टाके. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीतून आडवी अशी लांब जखम असते. खालची उभी आणि आडवी रेघ जिथे मिळतात तो तिठा सगळ्यात नाजूक. तिथे ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छोटीशी जखम उघडणं ही नेहमीची तक्रार आहे. तो तिठा कोरडा आणि पूर्ण बंद असेल, तर तिने चौथ्या आठवड्यात पायांचे व्यायाम करायला हरकत नसते. म्हणजे ती घाई करतेच आहे असं नाही. तिचं वेळापत्रक तुम्हाला लागू पडत नाही, एवढंच.

इम्प्लांट स्नायूच्या वर, ग्रंथीखाली असेल, तर स्नायूचा प्रश्न हलका होतो, कप्प्याचा आणि जखमेचा राहतो. स्वतःची चरबी भरून घेतली असेल, तर नव्या जागी चरबीला रक्तपुरवठा मिळेपर्यंत स्तनांवर दाब नको. त्यामुळे घट्ट स्पोर्ट्स ब्रा तीन-चार आठवडे टाळतात. जिथून चरबी काढली तिथे मात्र दाबपट्टा घालायला सांगतात. पोटाचं ऑपरेशनही सोबत केलं असेल, तर खालचं वेळापत्रक सोडून द्या. तिथे पोटाचे टाके ठरवतील तेच खरं.

पहिले दोन आठवडे

तुमचे हे दिवस सरले, म्हणून थोडक्यात. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी आधाराने चालायला लागायचं. मग दिवसातून चार-पाच वेळा, ५ ते १० मिनिटं, घरातल्या घरात. हा 'व्यायाम' नव्हे. पायातल्या शिरांमध्ये गुठळी होऊ नये म्हणून हे चालणं गरजेचं असतं. घाम येईल किंवा छाती धडधडेल इतकं काही नको. २ ते २.५ किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. अंथरुणातून उठताना हातांनी ढकलायचं नाही: कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि पायांच्या वजनाने वर या. ड्रेन (आत साठणारं पाणी बाहेर काढायची नळी) असेल तर तो निघेपर्यंत एवढंच. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, आणि शौचाला बसून कुंथल्याने रक्तदाब अगदी वजन उचलल्यासारखा चढतो. त्यासाठी पाणी भरपूर प्या आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध मागून घ्या.

हात मात्र अंगाला बांधून ठेवायचे नाहीत. घाबरून दोन-तीन आठवडे खांदा न हलवणाऱ्या बायकांचा खांदा आखडतो, आणि तो सोडवणं फार त्रासाचं असतं. पहिल्या आठवड्यापासून, सर्जनची ना नसेल तर, दिवसातून तीनदा खांदे मागे फिरवणं १० वेळा आणि खांद्याची पाती मागे-खाली ओढून ५ सेकंद धरणं १० वेळा. कोपर खांद्याच्या उंचीखालीच ठेवायचं. दोन आठवड्यांनंतर भिंतीला बोटं लावून हळूहळू वर चढवत न्या आणि ओढ बसू लागली की तिथेच थांबा. रोज एक-दोन सेंटीमीटरची प्रगती पुरे. जखम काखेत असेल तर हे आणखी सावकाश करायचं.

तिसरा ते सहावा आठवडा: म्हणजे तुमचं आत्ताचं

आता पायांना आणि श्वासाला काम द्या, छातीला देऊ नका. सपाट रस्त्यावर किंवा ट्रेडमिलवर २० ते ३० मिनिटं भरभर चाला. ट्रेडमिलला थोडा चढ दिला तर धावण्याइतका हादरा न बसता दम लागतो. पुढची दांडी धरून त्यावर भार टाकू नका. तसं करावं लागत असेल तर चढ जास्त झालाय. जिममधली स्थिर सायकल चालते, पण पाठ टेकायची किंवा सरळ बसायची. पुढे वाकून हँडलवर भार टाकायची सायकल म्हणजे अर्धवट पुश-अपच. एलिप्टिकलचे हलणारे दांडे सोडून द्या. रोइंग मशीन नकोच.

जोर किती लावायचा याचं माप सोपं आहे. व्यायाम चालू असताना पूर्ण वाक्य सलग बोलता यायला हवं. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.

पायांसाठी वजनाशिवाय बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर पाय उचलणं, पायरीवर चढ-उतर: प्रत्येकी १२ ते १५ वेळांच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. कुशीवर झोपायला सर्जननी अजून परवानगी दिली नसेल तर तेच उभ्याने करा. लेग एक्स्टेन्शन आणि लेग कर्लची मशीनं हलक्या वजनावर चालतील. लेग प्रेसबद्दल (मशीनवर बसून पायांनी वजन ढकलणं) मात्र सावध करते. पायांचाच व्यायाम म्हणून तो सुरक्षित वाटतो, पण वजन जड झालं की बाजूच्या मुठी हात आपसूक घट्ट आवळतात, खांदे पुढे येतात आणि श्वास रोखला जातो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात प्रचंड चढतो. करायचंच असेल तर हात मांडीवर मोकळे ठेवा आणि ढकलताना तोंडाने श्वास सोडा. हात मोकळे राहत नसतील तर वजन जास्त आहे.

जिममध्ये खरं नुकसान बऱ्याचदा व्यायामाच्या आधी किंवा नंतर होतं. १५ किलोची प्लेट छातीच्या उंचीवरच्या खुंटीवरून काढून दांड्यावर चढवणं, बाक ओढून जागेवर आणणं, डंबेल जमिनीवरून उचलून परत ठेवणं, जड दार ढकलणं, ही सगळी छातीचीच कामं आहेत. 'मी आज फक्त पाय केले' म्हणणाऱ्या बाईने प्रत्यक्षात अर्धा तास छातीही वापरलेली असते. या टप्प्यात प्लेट दुसऱ्या कुणाला तरी चढवायला सांगा. दोन्ही हातांत मिळून ४-५ किलोंची मर्यादा पाळा.

पोटासाठी प्लँक नको, कारण त्यात अंगाचं वजन हातांवर आणि छातीवर येतं. सिट-अप्सही नकोत. पाठीवर झोपून गुडघे काटकोनात, हात बाजूला सैल, एकेक टाच जमिनीला टेकवून परत वर: हा व्यायाम पुरेसा आहे.

प्रत्येक नवीन गोष्टीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं. दोन्ही स्तन आदल्या दिवशीसारखेच आहेत का? एका बाजूची सूज वाढली आहे का? ठणका आहे का? असेल तर दोन-तीन दिवस मागच्या पायरीवर राहा. आणि दुखण्याची गोळी घेऊन व्यायाम करू नका. तिने हा इशाराच झाकला जातो.

सहा आठवड्यांनंतर

आधी तपासणी, मग वाढ. जखमा पूर्ण बंद, कुठे खपली नाही, इम्प्लांट जागेवर, हे सर्जननी हाताने पाहिल्यावरच पुढे जायचं.

पाठीचे व्यायाम छातीच्या आधी सुरू करतात. बसून व्यायामाचा रबरी पट्टा मागे ओढणं, कोपर अंगालगत, हलका पट्टा, १२ वेळांच्या दोन फेऱ्या. दांडा वरून खाली ओढायचा प्रकार दोन आठवड्यांनी, कारण त्यात हात वर आणि रुंद ताणले जातात. दांडा मानेवर ठेवून बैठका मारताना खांदे मागे खेचले जाऊन छातीचा स्नायू ताणाखाली राहतो. म्हणून सुरुवातीला डंबेल छातीजवळ धरून बैठका बऱ्या. पुलअप्सला लटकायची घाई नको.

छातीचा क्रम असा. स्नायूखालच्या इम्प्लांटसाठी आठव्या आठवड्याच्या आधी नाही. सुरुवात भिंतीवरच्या पुश-अपने: ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. आठवडाभरात कुरबूर झाली नाही तर टेबलाच्या उंचीवर, मग गुडघ्यांवर, मग जमिनीवर. प्रत्येक पायरीला किमान एक आठवडा. वजन घ्यायचं तर जमिनीवर पाठीवर झोपून दोन-दोन किलोंचे डंबेल वर ढकला. कोपर जमिनीला टेकून थांबतं, त्यामुळे स्नायू जास्त ताणला जात नाही. बाकावर कोपर खाली जातं आणि ताण नेमका सोडवलेल्या बाजूवर येतो. नंतर आठवड्याला साधारण १० टक्के वाढ. रिकामा ऑलिम्पिक बारच २० किलोचा असतो, हे विसरू नका. 'नुसता बार' म्हणून तो हलका होत नाही. रुंद पकडीचा बेंच प्रेस, फ्लाय आणि डिप्स बारा आठवड्यांच्या आत नकोत. फ्लायमध्ये हात पसरलेले असताना स्नायू पूर्ण ताणून त्यावर वजन येतं, म्हणून तो सगळ्यात शेवटी. स्नायूखाली इम्प्लांट असलेल्यांनी फक्त छातीच्या स्नायूवर भार टाकणारे जड व्यायाम कायमचेच टाळावेत असं काही सर्जन सांगतात, आणि माझ्या मते त्यांचं ऐकण्यात शहाणपण आहे. पाठ, खांदे आणि पाय यांतून भरपूर ताकद मिळते.

जोर लावला की स्तन क्षणभर वेडावाकडा हलतो किंवा वर खेचला जातो, असं तुम्हाला दिसेल. स्नायूखालच्या इम्प्लांटमध्ये हे अपेक्षितच असतं आणि त्याने अपाय होत नाही. फार दिसत असेल तर सर्जनला दाखवा.

धावण्यासाठी सहा ते आठ आठवडे थांबा. धावताना स्तन वर-खाली तर होतातच, पण डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात, आणि तो झटका नव्या कप्प्यावर किंवा घडीतल्या टाक्यांवर बसतो. सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, अशा ८ फेऱ्या, सपाट जागेवर, आठवड्यातून दोनदा. तीन-चार आठवड्यांत सलग २० मिनिटांपर्यंत या. दोरीच्या उड्या आणि बर्पी त्यानंतर.

ब्रा निवडताना तार असलेली सहा ते आठ आठवडे टाळा, कारण तार नेमकी घडीतल्या जखमेवर बसते. पुढून उघडणारी घ्या. डोक्यावरून घालायच्या ब्रामध्ये हात वर ओढावे लागतात. धावण्यासाठी प्रत्येक स्तनाला वेगळा कप आणि रुंद पट्टा असलेली उत्तम. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, आणि हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये. सूज ओसरत राहते, म्हणून तीन महिन्यांनी माप पुन्हा घ्या. तोवर महागडी ब्रा घेण्यात अर्थ नाही.

सूर्यनमस्कारातल्या तीन-चार स्थितींत अंगाचा भार हातांवर येतो किंवा छाती जमिनीकडे दाबली जाते. ते पुश-अपच्या वेळापत्रकाप्रमाणेच सुरू करा. भुजंगासन आणि पोटावर झोपायची आसनं आठ आठवड्यांनंतर. कपालभातीत पोटाला झटके असतात, तीही सहा आठवडे नको. अनुलोम-विलोम आणि साधं दीर्घ श्वसन पहिल्या आठवड्यापासून चालतं. पोहणं जखमा पूर्ण भरल्यावर, बहुधा सहा आठवड्यांनी. त्याआधी कोणत्याही तलावात उतरू नका. आधी पाण्यात चालणं, मग पायांची हालचाल, आणि हात डोक्यावरून फिरवायचे प्रकार आठ ते बारा आठवड्यांनी.

घाम घडीत साठून जखमेची कातडी मऊ पडते आणि उघडते. व्यायाम झाल्यावर लगेच ब्रा बदला, जागा धुवा आणि टिपून कोरडी करा, घासू नका. व्रणावर सिलिकॉनची पट्टी लावत असाल तर व्यायामापुरती काढून ठेवा. बधिर त्वचेवर बर्फ किंवा शेक थेट लावू नका. चटका बसला तरी कळत नाही.

कधी थांबायचं, कधी धावत जायचं

एक स्तन काही तासांत दुसऱ्यापेक्षा मोठा, टणक आणि ठणकता झाला, वर नवा काळानिळा डाग आला, तर आत रक्त साठतंय असं समजून त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, हॉस्पिटल गाठा. पोटरी एका बाजूने सुजली-दुखली, एकाएकी दम लागू लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर तेही तातडीचं. ताप, वाढती लाली, पू किंवा दुर्गंधी, जखम उघडणं यांसाठी त्याच दिवशी फोन करा. दुखत नाही पण स्तन जड झालाय, आत पाणी हिंदकळल्यासारखं वाटतंय, तर व्यायाम बंद करून एक-दोन दिवसांत दाखवा. पाणी साठलं असेल तर सोनोग्राफीत कळतं.

काही गोष्टी घाबरवतात पण बहुधा निरुपद्रवी असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून विजेसारखी चमक येणं म्हणजे मज्जातंतू जागे होत असतात. स्तनाखालून पोटाकडे जाणारी, हात वर केला की दोरीसारखी ताठ दिसणारी शीर म्हणजे वरच्या थरातल्या शिरेत झालेली सूज. ती काही आठवड्यांत आपोआप बसते. तरी एकदा सर्जनना दाखवा आणि ती मोकळी करायला जोराने ताणू नका.

पुढच्या भेटीत सर्जनना तीन गोष्टी स्पष्ट विचारून लिहून घ्या: स्नायू कुठून आणि किती सोडवला, इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरखरीत पृष्ठभागाचं, आणि मसाज करायचा की नाही. गुळगुळीत इम्प्लांटसाठी काही जण मसाज सांगतात, खरखरीतासाठी सांगत नाहीत. इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा. वर्षभराने किंवा त्यानंतर कधीही एक स्तन कारण नसताना सुजला, तर 'जिममध्ये ओढ बसली असेल' असं धरून चालू नका. सोनोग्राफी करून साठलेलं पाणी तपासायला पाठवा, कारण खरखरीत इम्प्लांटभोवती होणारा लिम्फोमाचा (एका प्रकारच्या कर्करोगाचा) एक दुर्मीळ प्रकार अनेकदा अशाच सुजेने पहिल्यांदा लक्षात येतो.